मार्थामावशीचा आल्याचा पाक

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला सांगेन सांगेन म्हणत राहिलो, तर तीच गेली. आता घरात ऐकणारं कुणी नाही—म्हणून तुम्हाला सांगतोय.

माणिकपूरला आमचं गोळ्या-बिस्किटांचं आणि सोड्याचं दुकान होतं. काचेच्या बरण्या, दोन बाकडी, गोटीच्या बाटल्या. रविवारी चर्च सुटलं की बसायला जागा नसायची; माणसं रस्त्यावर उभी राहून प्यायची. यायची ती आल्याचा पाक घातलेल्या आमच्या सोड्यासाठी, आणि त्याच पाकाच्या वड्यांसाठी.

तो पाक कुणाचा? इथंच—बघा, इथंच माझी जीभ अडते.

मार्थामावशीचा. ती जवळच्याच वाडीतली, आमच्याकडे कामाला. बाबांचा साधा सोडा कुणी विचारत नव्हतं, तेव्हा तिनंच एक दिवस घरून पाक करून आणला. पुढं दुकानामागच्या पडवीत चुलीवर तीच तो करायची. बाबा मशीन चालवायचे, गल्ल्यावर बसायचे. दुकान चाललं ते तिच्या हातावर.

दुकान मोडलं, तिथं इमारत झाली. काही वर्षांनी गावातल्या एका स्मरणिकेसाठी मला दुकानाचा इतिहास लिहायला सांगितला. मी लिहिलं, की आल्याचा पाक बाबांनी प्रयोग करकरून शोधला. मावशीचं नाव कुठंच नाही. विसरलो होतो का? नाही. कच्च्या लेखात होतं. मीच खोडलं. दुकान आमचं, तर चवही आमचीच असावी—असं वाटलं.

प्रकाशनाला ती आली होती. पार वाकलेली, सुनेचा हात धरून. सुनेनं तिला तिथंच लेख वाचून दाखवला होता. माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "चांगलं लिवलंस रे. माझं नाव पानात बसलं नाय का?"

आणि मी—मी म्हणालो, "हो ना मावशी, जागा कमी पडली."

"असंल. छापनाऱ्यांचं काय सांगावं," म्हणत तिनं माझ्याच पाठीवरून हात फिरवला. त्या पानावर अर्ध्या जागेत माझा फोटो होता.

त्यानंतर मी तिच्या वाडीकडे फिरकलो नाही. रिक्षानं दहा मिनिटं. ती वारल्याचं कळलं तेव्हा चर्चमध्ये सगळ्यात मागच्या बाकावर बसलो, आणि मिस्सा संपायच्या आत उठून आलो. सुनेनं पाहिलं असेल का मला? ठाऊक नाही.

परवा एका मुलीचा फोन आला. लेख वाचून. नालासोपाऱ्याला छोटं कॅफे काढतेय म्हणाली. "काका, तुमच्या बाबांच्या त्या पाकाची रेसिपी द्याल का?"

निदान आता तरी खरं सांगावं?

"ते आमच्या घरचं गुपित आहे," मी म्हणालो. तिला ते फार आवडलं.

ती कृती मला येत नाही. बाबांनाही येत नव्हती.