लढाईत गेला तो शिवामामा: वाकोला ते दिंडोशी, तीन दिवस

आईनं चहाची बशी लादीवर आपटली, तेव्हाच माझं बोरिवलीला जायचं ठरलं.

त्याचं असं झालं. आईचं माहेर सिंधुदुर्गात. त्या गावाचं इथं मुंबईत एक मंडळ आहे. मंडळानं परब घराण्याची वंशावळ छापायला घेतली. मोठा बोर्ड, सात पिढ्या, गावच्या देवळात लागणार. त्याचा कच्चा फोटो फिरत फिरत माझ्या फोनवर आला. आईला वाचता येत नाही, म्हणून मी मोठ्यानं वाचून दाखवला. मला दोन मामा. थोरला जयराम, धाकटा शिवराम. शिवामामा बांगलादेशच्या लढाईत गेला, तेव्हा मी जन्मलेही नव्हते. जयराममामा, आमचा भाईमामा, मिलमध्ये होता, म्हातारपणी मुलुंडला वारला. त्याला मी माझ्या हातानं पेज भरवलीय. आणि बोर्डावर काय? "जयराम, शहीद, निपुत्रिक." खाली "शिवराम", आणि त्याचा मुलगा दिनेश. दिनेश तर जयराममामाचा.

आई म्हणाली, "जयरामदादा खंयचो लढायेक गेलो? शिवा गेलो. माझ्या शिवाक पुसून टाकल्यानी."

आई सत्तरीची आहे. भाऊ गेला तेव्हा सोळा वर्षांची होती. त्याचा फोटो नाही, पत्र नाही, काही नाही. एक नाव होतं, तेही चुकीच्या माणसाला लागलं. रविवारी मंडळाची सभा, सोमवारी बोर्ड छापायला जाणार. माझा पोळीभाजीचा धंदा आहे. तीन दिवस बंद ठेवला. गिऱ्हाईकं बोंबलली, बोंबलू दे.

शुक्रवार, बोरिवली

वाकोल्याहून गुंदवलीपर्यंत रिक्षा केली. दोघांनी नकार दिला, तिसरा बसवून घेऊन वर मलाच हायवेच्या खड्ड्यांवर भाषण देत होता. गुंदवलीहून मेट्रोनं मागाठाणे. मेट्रो थंडगार आहे, जिने सरकते आहेत, गुडघे दुखणाऱ्या बाईनं खुशाल जावं. सकाळी दहाच्या आत मात्र जाऊ नका, उभ्यानं जाल.

मंडळाचे सचिव बोरिवली पूर्वेला राहतात. नाव लिहीत नाही, त्यांना सचिवच म्हणू. रिटायर माणूस, टेबलावर काच, काचेखाली सत्काराचे फोटो. मी म्हटलं, छपाईत दोन नावं उलटी झालीत, सरळ करा. ते हसले. कपाटातून फाइल काढली. वंशावळ त्यांनी मनानं लिहिली नव्हती. तलाठ्याकडच्या वारस नोंदी, शाळेच्या रजिस्टरचा उतारा, सैनिकी ऑफिसचं जुनं पत्र, सगळ्याच्या झेरॉक्स होत्या. पत्रात शहीद जवानाचं नाव जयराम. तलाठ्याकडेही जयराम मयत. गावच्या शाळेसमोर जो दगड आहे, त्यावरही जयराम. तो दगड मी लहानपणापासून बघतेय. त्याच्यावर बसून आवळे खाल्लेत. सातवी नापास असले तरी मला वाचता येतं, पण तो दगड कधी वाचला नाही. त्याचा राग आधी माझाच मला आला.

मी म्हटलं, कागद खोटे आहेत. सचिव म्हणाले, पुरावा आणा. आणि वर शांतपणे बोलले, "बाई, तुम्ही या घराण्यात कोण? तुमच्या आईचं नाव वंशावळीत नाही, तुमचं कुठून असणार?"

खरंच नव्हतं. मी फोनवर फोटो मोठा करून बघितला. सात पिढ्यांत एकही बाई नाही. सगळे बाप्ये एकमेकांपासून जन्मलेले. मी त्यांच्या घरचं पाणीसुद्धा न पिता उठले. खाली येऊन नाक्यावर मिसळ खाल्ली, तिखट होती, बरं वाटलं. बोरिवलीला गेलात तर मिसळ जरूर खा, सचिवांकडे जाऊ नका.

जाताना त्यांनी एक काम मात्र चांगलं केलं, तेवढं सांगायला हवं. शिवामामाबरोबर भरती झालेला गावचा एक म्हातारा घाटकोपरला असतो, त्याचा पत्ता दिला.

शनिवार, घाटकोपर आणि मुलुंड

वाकोल्याहून घाटकोपरला जायचं तर लिंक रोडनं कुर्ल्याला उतरावं आणि तिथून एलबीएस रोडची बस धरावी. रस्ता खणलेला आहे. पाऊण तास धरून चला आणि सोबत पाण्याची बाटली ठेवा.

फौजीकाका पश्चिमेला एका जुन्या बिल्डिंगीत मुलीकडे राहतात. ऐकू कमी येतं, पण पाठ अजून ताठ. मी आधी माझी ओळख सांगितली, मग जयराम परबांचं विचारलं. ते मालवणीत म्हणाले, "जयराम नाय. शिवा. पण सरकारात जयराम."

मग सगळं बाहेर आलं. शिवा दुसरीतून शाळा सोडून पळालेला. भरतीला शाळेचा दाखला लागायचा आणि वयही बसायला हवं होतं. थोरला जयराम शाळा पूर्ण केलेला, वयानं पुढे, तो तेव्हा मुंबईत मिलमध्ये दुसऱ्याच कुणाच्या नावावर बदली कामगार म्हणून लागलेला. त्याला स्वतःच्या दाखल्याची गरज नव्हती. म्हणून आजोबांनी थोरल्याचा दाखला धाकट्याच्या हातात दिला आणि शिवा जयराम होऊन फौजेत गेला. काका म्हणाले, तेव्हा असे कितीतरी जायचे, कोणाला त्यात पाप वाटत नव्हतं.

पण हजेरीला वाट लागायची. "जयराम परब" पुकारलं की शिवा गप्प. दोन सेकंद इकडेतिकडे बघायचा, मग आठवायचं की अरे, मीच तो, आणि दचकून ओरडायचा. हवालदाराला वाटलं, हा बहिरा आहे. दोन वेळा कान तपासायला पाठवला. कान एकदम झकास. मग शिक्षा म्हणून बंदूक डोक्यावर धरून मैदानाला फेऱ्या. काका रात्री बरॅकमध्ये त्याला शिकवायचे, मी जयराम म्हणतो, तू हो म्हण. काका हे सांगताना हसत होते आणि मला मात्र आजोबांना जाऊन गदागदा हलवावंसं वाटत होतं. सोळा-सतरा वर्षांच्या पोराला स्वतःचं नाव विसरायची तालीम.

त्याला रम आवडायची नाही, आपला वाटा देऊन गूळ घ्यायचा. हे मला आईलाही माहीत नसलेलं मिळालं. कसा गेला, तेही काकांनी सांगितलं. एका नदीच्या काठावर, दुपारच्या वेळी. काका चार माणसं सोडून होते. मी विचारलं, शेवटी कोणी त्याला हाक मारली का? म्हणाले, मी मारली, शिवा म्हणून. त्यानं लगेच ओ दिली.

खाली खाऊगल्लीत गेले. लोकांनी चीज घातलेले सतरा प्रकारचे डोसे सांगितलेले. मी साधा डोसा घेतला आणि अर्धा टाकला. डोशाची चूक नाही.

तीच बस पुढे विक्रोळी, कांजूरमार्ग, भांडुप करत मुलुंडला जाते. कांजूरला खिडकी लावून घ्या, वास येतो. मुलुंडला मामीचं घर. दारावर पाटी आहे, "शि. बा. परब". हजार वेळा त्या पाटीखाली चपला काढल्यात. त्या "शि"कडे कधी बघितलं नाही. आम्ही मामाला भाईमामा म्हणायचो, आजूबाजूचे परबकाका म्हणायचे. नावाचं कामच पडलं नाही.

मामीनं आंबोळ्या आणि काळ्या वाटाण्याचं सांबारं केलेलं. दिनेश, तिचा मुलगा, सोफ्यावर होता. मी जेवायच्या आधीच विचारलं, "मामी, भाईमामाचं खरं नाव काय?"

दिनेशनं टीव्ही बंद केला. मामीनं गॅस बंद केला आणि सांगायला लागली.

शिवा गेला आणि सरकारदरबारी जयराम मेला. जिवंत जयरामाकडे स्वतःचं नाव उरलं नाही. मिलमध्ये कायम व्हायची वेळ आली तेव्हा त्यानं धाकट्याचं नाव लावलं. मग रेशनकार्ड, मग लग्नाची पत्रिका, सगळीकडे शिवराम. मामीला लग्न होईपर्यंत हे कोणी सांगितलं नव्हतं. लढाईनंतर तीनेक वर्षांनी ती त्या घरात आली. उंबऱ्यावर बायकांनी अडवलं, नाव घे म्हणाल्या. मामीनं पाठ केलेला उखाणा म्हटला, तो तिला अजून येतो: "कोऱ्या घागरीत पाणी भरते काठोकाठ, शिवरामांचं नाव घेते, सोडा माझी वाट."

वाट सोडायला कोण होतं? माझी आजी, शिवाची आई, माप घेऊन उभी होती. माप तिच्या हातातून सुटलं. ती उंबऱ्यातच बसली आणि शिवा, शिवा करून रडायला लागली. पाहुण्यांना वाटलं, म्हातारीच्या अंगात आलं. आई त्या लग्नाला नव्हती. त्याच आठवड्यात माझा जन्म झाला, ती दवाखान्यात होती. नाहीतर तेव्हाच उलगडा झाला असता.

मामी म्हणाली, त्या दिवसापासून त्या घरात मला कोणी नाव घ्यायला सांगितलं नाही. सत्यनारायण झाले, डोहाळजेवण झालं, बाकीच्या बायका नावं घेत होत्या, मी गप्प. "दिराचा नाव घेऊन संसार केलंय मी. घोवाचा नाव एकदापण तोंडार येऊक नाय." हे ती रडून बोलली नाही. वाटाणे ढवळत बोलली.

मी दिनेशला म्हटलं, तुला माहीत होतं? त्यानं मान खाली घातली. मोठा झाल्यापासून माहीत होतं. मग मी पुष्कळ बोलले, सगळं इथं लिहीत नाही. तोही ऐकून घेणारा नाही.

"ताई, मिल कामगाराचा वारस म्हणून मला लॉटरीत घर लागलंय. कागद अजून तपासणीत आहेत. उद्या तू सभेत सांगितलंस की माझा बाप शिवराम नव्हताच, तर मी कोणाचा वारस? चौदा वर्षं थांबलोय मी."

मी म्हटलं, "घर तुझं राहू दे रे. त्याचं नाव त्याला परत दे."

"ते दोन वेगळं आहे काय?" असं त्यानं विचारलं. मला राग आला, कारण वेगळं नव्हतं. त्याच्या दोन मुली आतल्या खोलीत एका टेबलावर समोरासमोर बसून अभ्यास करत होत्या, एकीचं कोपर दुसरीच्या वहीवर. ते मी बघितलं आणि अजून राग आला. कोणावर ते कळेना. मामीनं डबा भरून दिला आणि जिन्यापर्यंत सोडायला आली.

रविवार, दिंडोशी

सभा दिंडोशीला एका सोसायटीच्या हॉलमध्ये. मेट्रोनं दिंडोशी स्टेशन, पुढे रिक्षा. चढ आहे, चालत जाऊ नका.

साठेक माणसं, बायका मागच्या दोन रांगांत, चहा आणि बटाटेवडे. दिनेश पुढे बसलेला, वळून बघेना. मी हात वर केला. अध्यक्ष म्हणाले, भाचीला बोलायचा अधिकार नाही, पण पाहुणी म्हणून दोन मिनिटं. मी उभी राहिले. मिलचं, रेशनकार्डचं, घराचं काहीच काढलं नाही. ते तोंडाशी आलं होतं, गिळलं. एवढंच सांगितलं की फौजेत गेला तो शिवराम, थोरल्याच्या दाखल्यावर गेला, साक्षीला घाटकोपरचे काका आहेत, फोन लावून देते. जो मेला त्याचं नाव मेलेल्याला द्या.

हॉलमध्ये कुजबुज झाली. आणि मला कळलं, म्हाताऱ्यांपैकी निम्म्यांना ठाऊक होतं. एक जण तर उठून म्हणाला, झालं गेलं, आता कशाला उकरताय. पन्नास वर्षं त्या दगडाला सव्वीस जानेवारीला हार घालतायत, नारळ फोडतायत, आणि ठाऊक होतं.

सचिव हुशार माणूस. त्यांनी पेन काढलं आणि तोडगा लिहिला. लढाईत गेला तो "जयराम ऊर्फ शिवराम". मिलमधला तो "शिवराम ऊर्फ जयराम". कागदालाही धक्का नाही, कोणाचं घरही जात नाही. टाळ्या पडल्या. दिनेशनं सगळ्यांत जोरात वाजवल्या, मग माझ्याकडे बघितलं. त्याचे डोळे भरलेले होते, म्हणून मी त्याला काही बोलले नाही. दगडावरही ऊर्फ रंगवून घेऊ म्हणाले. मी विचारलं, बायकांची नावं? अध्यक्ष म्हणाले, बोर्डावर जागा नाही. बटाटेवड्यांना होती.

घरी, वाकोला

कोणाला आपल्या घरातला कोणी असा शोधायचा असेल तर माझ्याकडून घ्या: आधी घरच्या म्हाताऱ्या बायकांकडे बसा, मग सोबतीच्या माणसांकडे, आणि सगळ्यांत शेवटी फायलीकडे. मी उलटं केलं. दाखले जपून ठेवा, पण त्यांच्यावर विश्वास टाकू नका. तीन दिवस पुरतात. राग जास्त दिवस पुरतो.

आईला सगळं सांगितलं. हजेरीचं सांगितलं तेव्हा ती हसली, गुळाचं सांगितलं तेव्हा पदर तोंडाला लावला. मग म्हणाली, बोर्डावर काय लिवल्यानी, वाचून दाखव. मी फोनवर सचिवांच्या नव्या कागदाचा फोटो उघडून वाचलं, जयराम ऊर्फ शिवराम.

"ऊर्फ म्हंजे काय गो?"

मी विचार केला. दोघांची नावं परत एकदा वाचून बघितली. म्हटलं, "आई, ऊर्फच्या पुढे जे असतं ते खरं नाव."

आईनं फोनमधल्या नावांवर बोट ठेवलं.

"मगे खरा नाव पयला कित्याक नाय लिवल्यानी?"

मी तिथल्या तिथे सचिवांना फोन लावला आणि फोन आईच्या हातात दिला. तिनं तोच प्रश्न त्यांना विचारला. पलीकडून सचिव म्हणाले, बोर्ड उद्या छापायला जातोय. आई फोन कानाला लावून बसून राहिली, ठेवायला तयार नव्हती.