टोपणावरचं कुंकू

आमच्या ह्यांची मोटरसायकल बारा वर्षं मुकाट्यानं चालली आणि नवी नोकरी लागल्यावर दुसऱ्याच आठवड्यात रस्त्यात बंद पडायला लागली. मला तर असा संताप यायचा, की त्या काळ्या धुडावर रॉकेल ओतून काडी लावावी. मेली, कारखान्याच्या दिवसांत एकदा तरी कुरकुरली होती का?

कारखाना म्हणजे रेडिओचे सुटे भाग करायचा तो, अंबरपेठेतल्या आमच्या घरापासून दहा मिनिटांवर. हे तिथं वीस वर्षं होते. मग बाहेरचा माल यायला लागला, दुकानांतून चकचकीत परदेशी टेपरेकॉर्डर दिसायला लागले, आणि एका सोमवारी कारखान्याच्या फाटकाला कुलूप. पेपरात रोज छापून यायचं, आता बाजार उघडला, आता संधीच संधी. कुणाला होती ती संधी, देव जाणे. पन्नाशीच्या तोंडावर हे आठ महिने घरी बसले, तोच पेपर तीनतीनदा वाचत.

आठ महिन्यांनी नामपल्लीच्या एका कुरिअर कंपनीत काम मिळालं. कंपनीही नवी आणि साहेबही नवा, आमच्या भाच्याच्या वयाचा. त्याच्या अटी दोनच: गाडी स्वतःची हवी, आणि वेळ चुकता कामा नये. तीन महिने बघतो म्हणाला, जमलं तर कायम करतो. हे जिलबी घेऊन घरी आले. पण पुडा माझ्या हातात देताना म्हणाले, "अगं, ह्या वयात दुसरं कोणी दारात उभं करणार नाही मला. हे टिकलंच पाहिजे."

आता मी काय करणार होते? मला ना गाडीतलं कळत, ना कुरिअरमधलं. मला कळतं ते देवाधर्माचं. आजवर गाडीला हळदकुंकू लागायचं ते दसऱ्याला, तेही तेवढ्यापुरतं. म्हटलं, आता रोज लावायचं. आणि ते दसऱ्यासारखं गाडीच्या पुढच्या दिव्याला वगैरे नाही, जिथं गाडीचं पोट भरतं तिथं, पेट्रोलच्या टाकीच्या टोपणावर. पण कोरडं कुंकू चौकापर्यंतसुद्धा टिकायचं नाही, वाऱ्यानं उडून ह्यांच्या शर्टावर यायचं. तेव्हा मला सासूबाईंची मेणाची डबी आठवली. आमच्यातल्या जुन्या बायका टिकल्या चिकटवायच्या नाहीत. कपाळाला आधी मेणाचं बोट लावायचं आणि त्यावर कुंकू टेकवायचं, की ते संध्याकाळपर्यंत हलत नाही. मी तसंच केलं. टोपणाच्या अगदी मधोमध मेण, वर ठसठशीत कुंकू. हे हसले. "गाडीचा नवरा कोण गं?" म्हणाले.

"तुम्हीच की. नीट सांभाळा," मी म्हटलं.

आणि मग ती बंद पडायला लागली. वीसेक मिनिटं बरी पळायची, मग आचके द्यायची आणि भर रस्त्यात गप्प. हे उतरून टोपण उघडायचे, आत वाकून बघायचे. पेट्रोल असायचं, चांगलं अर्धी टाकी. मग टोपण लावून चारदोन किका मारल्या की सुरू. पुन्हा वीस मिनिटं. "टोपण उघडलं ना, की सूंऽऽ करते गं," मला सांगायचे. "उसासा टाकल्यासारखी."

"टाकेल नाही तर काय. तुमच्या संसारात मीही टाकतेच आहे," मी म्हणायची. तेव्हा हसू यायचं आम्हाला.

गल्लीच्या तोंडाशी एक मिस्त्री होता. पांढरी दाढी, हात कोपरापर्यंत काळे, पण माणूस अदबीचा. त्यानं आधी टोपण उघडून पेट्रोल बघितलं, मग कार्ब्युरेटर खोलून साफ केला, चौकापर्यंत फेरी मारून आला. गाडी एकदम झकास. दुसऱ्या दिवशी जामबागेत बंद. मग टाकीखालचा पेट्रोलचा कॉक बदलला. पुन्हा चौकापर्यंत झकास, पुन्हा पुढं जाऊन बंद. मग पेट्रोलची नळी नवी घातली. शेवटी टाकीच उतरवून धुतली, तांबूस गंजाचं पाणी निघालं. "हौ साब, येइच था. अब देखो," म्हणाला. आम्ही देखत बसलो. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

एक गोष्ट मला तेव्हाही दिसत होती. प्रत्येक वेळी टोपण काढताना मिस्त्री ते फडक्यानं कडेनं धरायचा. माझं कुंकू पुसलं जाऊ नये म्हणून. देवाचं लावलेलं आहे, आपले हात तेलाचे, असं म्हणायचा बिचारा. मला इतकं बरं वाटायचं त्याचं.

ह्यांना उशीर व्हायला लागला. साहेबानं एकदा सांगितलं, दुसऱ्यांदा सांगितलं. हे रात्री जेवताना बोलेनासे झाले. आणि गाडी जितकी बंद पडायची तितकं माझं मेण वाढत गेलं. कालचं काढायचं नाही, त्यावरच आजचं. म्हटलं, आपलंच कुठंतरी कमी पडतंय.

दोन महिने कसेबसे रेटले. मग एके दिवशी निघताना हे म्हणाले, आज एक लखोटा आहे, कुठल्याशा टेंडरचा, तीनच्या आत खिडकीवर द्यायचा आहे. साहेब स्वतः म्हणालाय, ह्यावर सगळं. मी त्या दिवशी देवापुढं उदबत्ती लावली आणि टोपणावर इतकं मेण थापलं, की अंगठ्यानं दाबून बसवावं लागलं. मे महिन्याचं ऊन. मेण हातातच पाघळत होतं.

संध्याकाळी आले ते पायात एकच धड बूट घालून. दुसऱ्याचा तळवा किका मारून मारून निघाला होता. गाडी जामबागेत बंद पडली होती. "टोपण उघडलं नाहीत का?" मी विचारलं, कारण उघडलं की चालते एवढं मलाही माहीत होतं.

"नाही. मिस्त्री म्हणाला ना परवा, सारखं उघडू नका, धूळ जाते आत, त्यानंच होतंय. आज म्हटलं त्याचं ऐकावं."

शेवटी गाडी रस्त्यात टाकून ते धावत सुटले होते. पन्नाशीचा माणूस, मे महिना, तुटका बूट. पोचले तेव्हा शिपाई खिडकी लावत होता. ह्यांनी त्याच्या हातापाया पडून पाहिलं. साहेब ओरडला नाही म्हणे. खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं आणि म्हणाला, "अंकल, अब आप आराम करो." ओरडला असता तर बरं झालं असतं. त्या 'आराम करो'नं ह्यांना जे मोडलं, ते पुन्हा उभे राहिलेच नाहीत.

त्यानंतर नोकरी लागली नाही. मी शिवणकाम धरलं, घर चाललं, ते कसं चाललं ते सोडा. जामबागेतून ढकलत आणलेली गाडी जिन्याखाली उभी राहिली. हे तिच्याकडे बघायचेही नाहीत. कोणी कामाचं सुचवलं की म्हणायचे, "नको. मी हात लावीन ते बंद पडतं. कारखाना बंद, गाडी बंद." पहिल्यांदा मी भांडले. "काहीतरी बोलू नका," म्हटलं. शंभराव्यांदा भांडायचं त्राण राहत नाही.

दीड वर्षानं तो मिस्त्रीच गाडी घ्यायला आला. हे कागद शोधायला आत गेले. मिस्त्रीनं गाडी बाहेर काढली, फडक्यानं पुसली. टोपणावरचा तो काळपट लाल गोळा बघून थबकला. मला विचारलं, "निकालूं अम्मा?" मी मान हलवली. त्यानं नखानं खरवडलं, मग खिशातून टाचणी काढून खुपसली, आणि आतून पुन्हा ते सूंऽऽ झालं.

तो टोपण हातात घेऊन बघतच राहिला. "अम्मा, इधर एक छेद रैता. हवा जाने कू," हळूच म्हणाला. "हवा नै गयी तो पेट्रोल नीचे नै उतरता. इसमें मोम भर गया है." मग कपाळावर हात मारून घेतला. "मैं बी कित्ता अंधा. हातइच नै लगाया."

मला आधी कळलंच नाही. मग सगळं एकदम कळलं. ती रोजची सकाळ, मेणाची डबी, अंगठ्यानं दाबलेलं ते शेवटचं बोट. आतून ह्यांच्या चपलांचा आवाज आला तशी मी मिस्त्रीपुढं हात जोडले. "उनकू मत बोलो," मी म्हटलं. त्यानं मान खाली घातली.

कागद दिले-घेतले, मिस्त्रीनं प्लग पुसला, बाटलीतलं ताजं पेट्रोल घातलं. मिस्त्री किक मारणार तेवढ्यात हे म्हणाले, "थांब. अगं, जाताना कुंकू लाव तिला."

मी करंडा आणला आणि गाडीच्या दिव्याच्या काचेला बोट टेकवलं.

"तिथं नको. टोपणावर लाव, रोज लावायचीस तिथं," हे म्हणाले. "तेवढंच एक आपल्या घरात नेमानं झालं."

मी लावलं. छेदापासून लांब, अगदी कडेला, नुसता ठिपका. मिस्त्री माझ्याकडे बघत नव्हता. गाडी पहिल्या किकेला सुरू झाली आणि गल्लीतून वळून गेली. हे कान देऊन उभे. चौक, मोठा रस्ता, त्यापुढं कुठंतरी आवाज विरून जाईपर्यंत.

"बघितलंस?" ते म्हणाले. "माझ्या हातातून सुटली आणि चालायला लागली."

दोन वाक्यांत सांगता आलं असतं. मी सांगितलं नाही, अजूनही सांगितलेलं नाही. मी कुंकवाचं बोट पदराला पुसलं आणि चहा टाकायला आत गेले.