तीस म्हणजे किती ग्लास

पोशेऱ्याच्या ढवळूची काळी-पिवळी जीप खोडाळा ते जव्हार चालायची. पिऊन गाडीला हात लावायचा नाही, हे तो पाळत आला होता. २००३ च्या उन्हाळ्यात गावातच मेव्हण्याच्या लग्नात त्याने गाडी उभी केली आणि भरदुपारी मोहाचे तीन ग्लास घेतले. तेवढ्यात शेजारचा जिवा धावत आला. त्याची बायको राही सकाळपासून बाळंतपणात अडली होती.

"मी घेतलीय रे," ढवळू म्हणाला.

"दुसरी गाडी नाय. चल."

मागे राही आणि तिची सासू, पुढे जिवा. घाटात आपला हात अगदी स्थिर होता, असं ढवळूला वाटलं. जव्हारच्या नाक्यावर हवालदाराने जीप थांबवली. त्याला वास आला, मग राही दिसली. ढवळूला बाजूला सरकवून त्यानेच जीप दवाखान्यात नेली.

राहीला मुलगी झाली. ज्या डॉक्टरीणबाईंनी तिला सोडवलं, त्यांनीच नंतर ढवळूचं रक्त काढलं. तपासणीत आकडा आला चौऱ्याहत्तर.

"चौऱ्याहत्तर काय?" ढवळूने वकिलाला विचारलं. "ग्लास तर तीनच होते."

"शंभर मिलिलिटर रक्तात तीस मिलिग्रॅम दारू, ही हद्द. त्यावर गेली की गुन्हा."

"तीस म्हणजे किती ग्लास?"

"ते माणसावर असतं. आणि मोह कसा गाळलाय, त्यावर."

कोर्टात ढवळू म्हणाला, "पिऊन चालवली, साहेब. नसती चालवली तर बाई गेली असती."

न्यायाधीशांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग दंड केला आणि सहा महिने लायसन बंद केलं. रागवावं की गप्प राहावं, ढवळूला कळेना.

एसटीने परतताना त्याने जिवाला विचारलं, "तूच सांग, माझं काय चुकलं?"

जिवा खिडकीबाहेर बघत म्हणाला, "घाटात दोनदा चाक कडेला गेलं. स्टेअरिंग मी ओढलं."

"कधी?"

"तुला आठवत नाय?"

ढवळूने घाटाचं एकेक वळण आठवून पाहिलं. प्रत्येक वळणावर त्याचा हात स्थिरच होता.

"तेव्हा का नाय बोललास?"

"बोललो असतो आणि तू गाडी थांबवली असतीस तर?"

पुढच्या आठवड्यात राही बाळाला घेऊन आली. "दादा, घ्या की हिला."

ढवळूने हात पुढे केले, मागे घेतले, आणि बायकोकडे पाहिलं.

"पोशी, तू धर आधी," तो म्हणाला.