खांबाला टेकायचा मान

शुक्रवार पेठेतली आमची गल्ली एका बिनखिडकीच्या भिंतीशी संपते. त्या भिंतीवर विटेच्या तुकड्याने काढलेले तीन स्टंप मी लहानपणापासून पाहतो आहे. पुसट झाले की कुणीतरी नवे काढतं. फलंदाजाने भिंतीपुढे उभं राहायचं आणि गोलंदाजाने समोरून, पिठाच्या गिरणीकडून टाकायचं. उलट कधीच होत नाही, कारण आपल्या दारात बॅट फिरवलेली गिरणीवाल्याला खपत नाही आणि त्याच्याशी भांडण काढलं तर घरचं दळण अडतं.

या गल्लीतला सर्वांत मोठा फिरकी गोलंदाज मी. हे मीच म्हणतो असं नाही. म्हणजे जास्त करून मीच म्हणतो, पण पुरावा आहे. गिरणीच्या अलीकडे एक कट्टा आहे आणि कट्ट्याला लागून विजेचा खांब. त्या खांबाला पाठ टेकून बसायचा मान गल्लीतल्या सर्वांत मोठ्या गोलंदाजाचा, असा आमच्या शाळेच्या दिवसांपासूनचा रिवाज आहे. गेली तीस वर्षं तिथे माझी पाठ आहे. कचेरीतून आलो की चहा नंतर, आधी खांब.

माझी ऑफ-स्पिन. टप्पा पडला की चेंडू हातभर उजवीकडे, गटाराच्या अंगाला वळायचा. फलंदाज इकडे बॅट घालायचा आणि चेंडू तिकडून भिंतीवरच्या स्टंपला जाऊन लागायचा. माझा समोरच्या घरातला मित्र लेग-स्पिनर. निदान तो स्वतःला तसं म्हणायचा. मनगट निखळेल असा झटका देऊन तो चेंडू सोडायचा, चेंडू हवेत भणभणायचा आणि टप्प्यानंतर शहाण्यासारखा सरळ जायचा. आम्ही पोट धरून हसायचो. त्याच्या घरी तेलुगू बोलतात, खालच्या शेडमध्ये टॉवेलचे माग आहेत. संध्याकाळी माग बंद झाले की तो येतो आणि कट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला, गटाराच्या वासात बसतो.

मग वाद सुरू होतो. जगातला मोठा फिरकीवाला कोण? मी लंकेच्या ऑफ-स्पिनरचा, तो ऑस्ट्रेलियाच्या लेग-स्पिनरचा. ते दोघे कधीच निवृत्त झाले, पण आमचा वाद अजून मैदानात आहे. मी विकेटा मोजतो. तो म्हणतो विकेटांचं काय घेऊन बसलास, माती कुणाच्या बाजूनं होती ते बघ. लंकेवाल्याला घरची माती आयती वळवून देत होती, ऑस्ट्रेलियावाल्याने दगडासारख्या मातीत चेंडू वळवला. मी म्हणायचो, मातीला काय कळतंय कोण टाकतंय ते. आपल्या देशाच्या फिरकीवाल्यांचा विषय निघाला की आमचं लगेच एकमत व्हायचं, म्हणून तो विषय आम्ही सहसा काढत नसू.

माझी मुलगी आता नववीत आहे. तिला ऑफ-स्पिन मीच शिकवली, याच गल्लीत, याच टोकाकडून. तिचाही चेंडू हातभर वळायला लागला तेव्हा मी कचेरीत पेढे वाटले. जिल्ह्याच्या मुलींच्या संघाची निवड होती. तिने शाळेच्या वहीच्या मागच्या पानावर स्वतःचं नाव आणि त्यापुढे 'ऑफ-स्पिनर' असं लिहून ठेवलं होतं. ते मी चोरून पाहिलं होतं.

त्या रविवारी मैदानावर तिने बारा चेंडू टाकले. बाराही सरळ गेले. फलंदाज मुलगी आधी जपून खेळली, मग तिला गंमत वाटायला लागली. निवड करणारे सर भले होते. घाबरली असशील, पुढच्या रविवारी पुन्हा ये, म्हणाले. स्कूटर घराजवळ आल्यावर तिने मागून विचारलं, पप्पा, तुमचा चेंडू खऱ्या मैदानावर वळायचा का? मी कचेरीच्या सामन्यात एकदा टाकला होता. तेव्हा वळला नव्हता, पण त्या दिवशी मॅट जुनी होती, चेंडू नवा होता आणि जेवणात बासुंदी होती. हे सगळं मी तिला नीट समजावून सांगितलं.

संध्याकाळी ती एकटीच गिरणीपाशी उभी राहिली आणि बोटं न फिरवता, नुसता, लहान मूल टाकतं तसा चेंडू टाकला. तो हातभर उजवीकडे वळला. तिने पुन्हा टाकला, पुन्हा वळला. मग तिने चेंडू गल्लीच्या फरशीवर हळूच सोडून दिला. तो रमत-गमत निघाला आणि गटारात जाऊन पडला.

"पप्पा," ती म्हणाली, "हा मी वळवलाच नाही."

बायको दारात बादली घेऊन उभी होती. ती मोहोळची, बोलायला कुणाला भीत नाही. "रोज हितं पाणी वततीया मी. सगळं गटाराकडंच जातंय की. मग बॉल काय वर चडंल? मला इचारलं असतं तर लग्नाच्या दुसऱ्या दिशीच सांगितलं असतं."

खोटं कशाला बोलू, आधी मला माझीच कीव आली, मुलगी नंतर आठवली. तीस वर्षांच्या माझ्या सगळ्या विकेटा त्या फरशीच्या उतारावरून गटारात चालल्या होत्या. आणि मग आणखी वाईट गोष्ट लक्षात आली. उतार उजवीकडे, आणि मित्राची लेग-स्पिन वळणार डावीकडे. म्हणजे त्याचा चेंडू दर वेळी चढ चढत होता. आम्ही पोट धरून हसायचो तो सरळ चेंडू सरळ नव्हताच.

तरी मी दोन तास घरातच येरझाऱ्या घातल्या. मुलगी जेवली नाही, तेव्हा चप्पल घातली आणि समोर गेलो. त्या दिवशी ऑर्डरचं काम होतं, शेडमध्ये माग धडधडत होते. तो तुटलेला धागा जोडत होता. मला पाहून त्याने माग बंद केला. मी एका दमात सांगून टाकलं की उतार होता, माझं काही नव्हतं, पोरीच्या हातात सहा दिवस आहेत आणि तूच तिला शिकव. तो जरासुद्धा चकित झाला नाही.

"तुला ठाऊक होतं?"

"पयल्या दिवसापासनं," तो म्हणाला. "सकाळी सहाला पाटव तिला."

त्याने पहिलं काम केलं ते म्हणजे गिरणीवाल्याला दोन टॉवेल दिले आणि सहा दिवस गल्ली उलटी करून घेतली. आता फलंदाज गिरणीपाशी आणि मुलगी भिंतीकडून टाकणार. म्हणजे तिच्या ऑफ-स्पिनला चढ. पहिले दोन दिवस चेंडू भलतीकडेच, गटारात. मग त्याने तिच्या हातात सुताचा धागा दिला. अंगठा आणि बोटात धरून पीळ द्यायचा, इतका की सोडला तर धागा आपल्याच अंगावर गुंडाळला पाहिजे. विणकराच्या घरी पोरं चालायच्या आधी हे शिकतात म्हणे. मुलगी अभ्यास करताना पीळ द्यायची, टीव्ही बघताना द्यायची. माझ्या आमटीत दोनदा धागा निघाला, मी मुकाट्याने बाजूला ठेवला.

पाचव्या दिवशी तिचा चेंडू टप्प्यानंतर सरळ गेला. मित्राने टाळ्या वाजवल्या. कट्ट्यावरचे लोक हसले, म्हणाले पोरीची फिरकी बापासारखी राहिली नाही. मी उभा राहून त्यांना उतार, चढ, सगळं समजावलं. कुणाला पटलं नाही, कारण तीस वर्षं मीच त्यांना उलटं पटवलं होतं.

रविवारी आम्ही दोघेही मैदानावर गेलो आणि कुंपणाला चिकटून उभे राहिलो. तिसरा चेंडू पडला आणि वीतभर वळला. हातभर नाही, वीतभर. फलंदाज मुलीची बॅट पुढे गेली आणि मधला स्टंप मागे पडला. सरांनी कागदावर काहीतरी लिहिलं, तिच्याकडे पाहून मान हलवली आणि पुढचा चेंडू टाकायला सांगितलं. तासाभराने यादी वाचली तेव्हा तिचं नाव चौथं होतं. मला रडू आलं, मित्राने खांद्यावरचा टॉवेल दिला.

त्या संध्याकाळी मी कट्ट्यावर लवकर गेलो आणि गटाराच्या बाजूला बसलो. तो आला, रिकाम्या खांबाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"उट बे. तितं वास येतो."

मी उठलो नाही. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो की खांबाला गल्लीतला सर्वांत मोठा गोलंदाज टेकतो, तिथे तू बस. तो अवघडून बसला. पाठ टेकावी की नाही हे त्याला कळत नव्हतं. मग मी हळू आवाजात विचारलं, इतकी वर्षं सांगितलं का नाहीस?

तो धागा वळल्यासारखी बोटं फिरवत म्हणाला, "आमी हितं राहायला आलो तवा मला मराठी येत न्हवतं. समदी पोरं हसायची. तू एकटाच म्हनलास, घे, टाक बॉल. उताराचं सांगितलं असतं तर तू बॉलिंग सोडली असतीस. मग मी कुनासंगं टाकला असता?"

मग त्यानेच खाकरून विषय बदलला आणि म्हणाला, विचार केला तर लंकेवालाच मोठा होता. मी म्हणालो, छे, ऑस्ट्रेलियावाला. तो म्हणाला विकेटा मोज. मी म्हणालो माती बघ, माती. बायकोने जेवायला तिसरी हाक मारली तेव्हा आम्ही दोघंही उभं राहून भांडत होतो आणि खांबाची जागा रिकामी होती.