तोट्यातल्या वह्या

आमच्या ह्यांचं शाळेसमोर वह्या-पेनांचं दुकान, एकवीस वर्षांचं. माणूस हिशेबाला पक्का. मात्र स्वतःचं म्हणणं खरं ठरलं की पुढचे दोन दिवस घरात त्यांना सहन करावं लागतं.

इंटरनेटवरून वह्या विकणारी कंपनी निघाली, तेव्हा ह्यांनी पाठकोऱ्या कागदावर आकडेमोड केली. "आपल्याला घाऊकात पडते त्याहून स्वस्त वही हे लोक घरपोच देतात. वर खोकं, वर गाडीभाडं. जितकं विकतील तितकं बुडतील. फार तर वर्षभर."

"आणि तोवर आपण काय खायचं?" मी विचारलं.

त्यावर ह्यांनी डोकं लढवलं. कंपनीकडूनच वह्या मागवायच्या आणि दुकानात विकायच्या. शंभर माझ्या नावावर, शंभर माझ्या बहिणीच्या. खोकी स्वयंपाकघरात फोडायची, लेबलं मी नखांनी खरवडायची. कंपनीने मला 'लाडक्या ग्राहक' म्हणून पत्र पाठवलं. हे हसून हसून बेजार झाले.

पण वर्ष सरलं, दुसरंही सरलं. पेपरात कंपनीचा तोटा छापून यायचा आणि त्याच्याच खाली नवे पैसे ओतणाऱ्यांची नावं. "कोण देतं ह्यांना पैसे?" हे विचारायचे. पुढेपुढे विचारायचाही कंटाळा आला.

तिसऱ्या वर्षी, शाळा उघडायला आठवडा असताना, कंपनी बंद पडली. आम्ही मागवलेली खोकी आलीच नाहीत. हे तडक मामांकडे गेले. मामा म्हणजे आमचे जुने घाऊक व्यापारी, दर हंगामात एका निरोपावर टेम्पो पाठवणारे. गोदामाला दुसऱ्याचं कुलूप होतं. मामा घरी भेटले.

"मामा, बुडाली बघा. मी म्हणत होतो."

"म्हणत होतास खरा. मीही त्याच भरवशावर होतो. तुम्ही दुकानदार आहात तोवर तगू म्हटलं. मग एकेकाची मागणी थांबली. तुझीही थांबली, तेव्हा वाटलं, तुझं दुकान मिटलं. गोदाम विकून टाकलं. तुला तोंड दाखवायला जीव धजेना, म्हणून आलो नाही."

वह्या कुठून घेत होतो, ते ह्यांच्या तोंडून निघालं नाही. चहा पिऊन परत आले.

सोमवारी शाळा उघडली. मुलं दुकानापुढे रांगेत, ह्यांच्या मागे फळ्या रिकाम्या. दुपारी मी डबा द्यायला गेले तेव्हा हे म्हणाले, "माझं म्हणणं खरं ठरलं गं," आणि डबा न उघडताच बसून राहिले.