पिवळ्या पेटीचा तळ

सूर्यकांत पेडणेकर पत्रा बोटाने वाजवून पारखायचा. शारजाच्या औद्योगिक क्षेत्रातल्या वर्कशॉपमध्ये चौदा वर्षांत त्याच्या हातची एक टाकी गळली नव्हती, आणि हे तो कुणी न विचारताही सांगायचा.

१९९१ साली आफ्रिकेतल्या कुठल्याशा देशातून संसदेच्या एका जागेच्या निवडणुकीसाठी मतपेट्यांची ऑर्डर आली. फोरमन अजीजभाई रत्नागिरीचे. त्यांनी समजावलं, "तिकडे पार्टी एकच रे, सूर्या. त्याच पार्टीची दोन माणसं एकमेकांसमोर उभी. निळी पेटी मंत्र्याची, पिवळी एका शाळामास्तरची. लोकांनी पडद्यामागे जाऊन आपल्या माणसाच्या पेटीत पितळी बिल्ला टाकायचा. डिझाइन फायनल आहे. यल्ला, कामाला लाग."

डिझाइनमध्ये निळ्या पेटीच्या तळाला रबर होतं, पिवळीच्या नव्हतं. सूर्यकांतने पहिली जोडी तयार केली आणि दोन्हींत बिल्ला टाकून पाहिला. निळी गप्प राहिली. पिवळी अशी खणखणली की पलीकडच्या ग्राइंडरवाल्याने मान वर केली. सूर्यकांतच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. पडद्याआड मत आणि बाहेर दवंडी! बाहेर बसलेल्या सरकारी साहेबाला मास्तरची माणसं नुसत्या कानांनी टिपता आली असती. त्याचं टाळकंच सटकलं. आपल्या हातची पेटी चहाड्या करणार? कुणालाही न विचारता त्याने साठच्या साठ पिवळ्या पेट्यांत रबर बसवलं, तेही खरवडून निघणार नाही असं.

माल घ्यायला आलेल्या तिकडच्या सरकारच्या एजंटने पिवळीत बिल्ला टाकला. आवाज नाही. त्याचा चेहराच पडला.

"ये रबर निकालो!" तो ओरडला.

"निकालता हूँ साब," सूर्यकांत सगळ्या वर्कशॉपला ऐकू जाईल असं म्हणाला. "लेकिन क्यों, वो बोलो."

मशिनं थांबली. एजंट नुसता घाम पुसत राहिला, कारण चारचौघांत सांगण्यासारखं ते कारण नव्हतंच. कंटेनर दारात उभा होता आणि बोट संध्याकाळची होती. शेवटी त्याने मुकाट्याने सही केली, पेट्या तशाच चढल्या.

दुसऱ्याच दिवशी मालकाने सूर्यकांतचा व्हिसा कॅन्सल केला. तो बॅग भरत असताना अजीजभाई खोलीवर येऊन चडफडले, "खलास केलंस सगळं! तुझं मत होतं का रे तिकडे?"

"माझं मत कुठेच नाही, अजीजभाई. चौदा वर्षांत गावच्या यादीतनंही नाव गेलं." सूर्यकांतचा ऊर अभिमानाने भरून आला होता. "पण पेट्या माझ्या होत्या."