मोठी पट्टी

भंडाऱ्याच्या दवाखान्यात आईच्या शेजारच्या खाटेवर ती होती. तिचं नाव मी विचारलंच नाही. तुमसरकडची, धानाच्या रोवण्याला, म्हणजे भातलावणीला, जाणारी बाई. बसल्या बसल्याही हात मागे नेऊन कंबर दाबत राहायची.

तिच्या गर्भाशयात गाठ होती, रक्तस्राव थांबत नव्हता. पिशवी काढायची होती. दुर्बिणीनं की पोट चिरून, ते तिला सकाळी डॉक्टरांना सांगायचं होतं.

"पोरी, तू कॉलेजात जातेस ना? सांग मले."

आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. कुणी असं विचारलं की भीती वाटते. तरी मोबाइलवर वाचून म्हणाले, "दुर्बिणीनं त्रास कमी होतो. लवकर घरी जाता येतं."

"लवकर घरी जाऊन काय करू?" ती हसली. "माह्या जावेचं दुर्बिणीनंच झालं. सासूनं पोट पाह्यलं, म्हणे एवढंसंच? आठवड्यात चिखलात उभी केली. मोठा चिरा दिसला तं बाई बिमार, नाही तं नाटक."

"पण खूप दुखेल," एवढंच मी म्हणाले.

सकाळी डॉक्टर आले. ती म्हणाली, "दुर्बिणीनंच करा साहेब. पण पट्टी मोठी बांधा."

डॉक्टर हसले. सिस्टर हसल्या नाहीत.

ऑपरेशननंतर सासू भेटायला आली. छातीखालपासून कमरेपर्यंत गुंडाळलेली पांढरी पट्टी बघत राहिली.

"पडून राय आता," सासू म्हणाली. "रोवण्याले दुसरी बाई पाहू."

ती "हो" म्हणाली आणि भर दुपारी गाढ झोपली. आईला औषध द्यायला उठले तेव्हा मी चप्पल वाजू दिली नाही.